डोंगरधारेवरची दिवसभराची लांब चाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा उतरणीला लागला की उंच डोंगरांच्या धारा मोकळ्या होतात. पहाटे एका टोकाने चढायचं, दिवसभर माथ्यामाथ्याने चालायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाने उतरायचं, असे बेत याच दिवसांत ठरतात. त्याआधी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची ही उत्तरं. कुठल्या एका डोंगररांगेपुरती ती नाहीत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टींवर चालणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

उन्हाळ्याची अखेर म्हणजे नेमके कोणते दिवस? आणि हेच दिवस का?

उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी-मार्च. मोसमी पावसाच्या प्रदेशात हे वेळापत्रक चालत नाही. हिमालयाच्या दक्षिण उतारांवर हे दिवस भर पावसाचे असतात, तर लडाखसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात ते चालण्यासाठी उत्तम असतात.

या काळात धारेवरचा बहुतेक बर्फ वितळलेला असतो, त्यामुळे वाट दिसते. डास-माश्या कमी झालेल्या असतात आणि दुपारची वादळं भर उन्हाळ्यापेक्षा विरळ होऊ लागतात. हवा स्वच्छ असेल तर ओळीने मागे मागे जाणाऱ्या रांगा अगदी शेवटपर्यंत मोजता येतात. मात्र दिवस लहान झालेला असतो, झरे आटलेले असतात आणि उंचावर पहिला हिमवर्षाव कधीही होऊ शकतो. बेत आखताना या तिन्ही गोष्टी धरूनच आखावा.

एखादं शिखर चढून उतरणं आणि धार चालणं यात एवढा काय फरक आहे?

फरक आहे तो बाहेर पडण्याचा. शिखराच्या वाटेवर दमलात, हवा बिघडली, पाय मुरगळला, तर मागे फिरायचं. प्रत्येक पाऊल तुम्हाला खाली नेतं. धारेवर तसं नसतं. चार तास चालून झाल्यावर मागे फिरलात तर पुन्हा तेवढेच तास उंचावर काढावे लागतात. डावी-उजवीकडे गाव दिसत असतं, रस्ता दिसत असतो, पण मध्ये कडा असतो किंवा पाय न ठरणारा घसारा. बरेच अपघात इथेच होतात. दमलेली माणसं ‘इथून सरळ उतरू, खाली रस्ता दिसतोच आहे’ म्हणत अनोळखी घळीत शिरतात आणि अर्ध्यावर कड्यावर येऊन अडकतात.

म्हणून धारेवरच्या दिवसाचा बेत बाहेर पडायच्या वाटांवरून ठरवावा, असं मी ठामपणे सांगेन. कुठून कुठे जायचं ते नंतर. आधी कुठून कुठून सुखरूप उतरता येईल, त्या जागा नकाशावर शोधायच्या.

या उतरायच्या वाटा नकाशावर कशा शोधायच्या?

समोच्चरेषा, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता यायला हव्यात. हे कौशल्य तासाभरात शिकता येतं आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं. रेषांची टोकं उताराच्या दिशेला वळलेली असतील तर ती सोंड (धारेतून फुटून खाली उतरत जाणारा उंचवटा), चढाच्या दिशेला वळलेली असतील तर ती घळ किंवा ओढा. रेषा जवळजवळ तर उभा उतार, एकमेकींना चिकटल्या तर कडा.

उतरण्यासाठी शक्यतो रुंद सोंड किंवा खिंडीतून निघणारी मळलेली वाट निवडावी. खिंड हा दोन उंचवट्यांमधला सखल भाग. डोंगर ओलांडणाऱ्या जुन्या वाटा तिथूनच जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाट असण्याची शक्यता सर्वात जास्त. घळ वरून सोपी वाटते, पण तिच्यात धबधब्याच्या कोरड्या पायऱ्या लपलेल्या असतात आणि त्या वरून दिसत नाहीत.

प्रत्येक वाटेशी तीन गोष्टी लिहून ठेवा: धारेच्या सुरुवातीपासून तिथे पोहोचायला लागणारा वेळ, उतरायला लागणारा वेळ आणि खाली पोहोचल्यावर काय आहे. कारण चुकीच्या खोऱ्यात उतरलात तर गाडीपर्यंत पोहोचायला डोंगराला वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा कधी कधी चाळीस-पन्नास किलोमीटरचा असतो. दोन वाटांच्या मधला सर्वात लांब टप्पा कोणता, तेही पाहून ठेवा. त्या टप्प्यात शिरण्यापूर्वी थांबून आभाळ, घड्याळ, पाणी आणि सोबत्यांचे चेहरे बघायचे. दिवसातला सर्वात मोठा निर्णय तिथे होतो.

एका दिवसात किती अंतर झेपेल?

धारेवर किलोमीटर फसवतात. सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर असले तरी मधले उंचवटे धरून एकूण चढ हजार-दीड हजार मीटर सहज होतो. म्हणून अंतरासोबत एकूण चढ आणि एकूण उतारही मोजायचा.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात पुढे झालेल्या सुधारणेनुसार उभ्या उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाढवतात, तर मंद उताराला तेवढीच कमी करतात.

समजा २२ किलोमीटर अंतर आहे, एकूण चढ १५०० मीटर आणि उभा उतार ९०० मीटर. अंतराचे ४ तास २४ मिनिटं, चढाचे अडीच तास, उताराची ३० मिनिटं. झाले ७ तास २४ मिनिटं. खाणं, पाणी, बूट काढून पाय मोकळे करणं, फोटो यांचा दीड तास धरला की जवळपास नऊ तास. आणि हा आकडा सराव असलेल्या माणसाचा, बऱ्या वाटेवरचा. हातांनी धरत चढायचे कातळटप्पे असतील तर तेवढ्या भागापुरता ठोकताळा विसरा. तिथे तासाला एक किलोमीटर हासुद्धा चांगला वेग असतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी १२ ते १५ किलोमीटर आणि ८०० ते १००० मीटर चढ याच्या पुढे जाऊ नये. गटात वेग सर्वात हळू चालणाऱ्याचा धरायचा. त्याला मागे ठेवून पुढे जाऊन वाट बघत बसणं ही वाईट सवय आहे: पुढच्यांची विश्रांती होते आणि तो पोहोचला की सगळे उठतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

किती वाजता निघायचं?

उजाडायच्या आधी. उन्हाळ्याच्या अखेरीस लोक हमखास चुकतात, कारण डोक्यात जूनचा दिवस असतो. ४५ अंश अक्षांशावर जूनच्या अखेरीस साडेपंधरा तासांचा असलेला दिवस सप्टेंबरच्या सुरुवातीला सव्वातेरा तासांवर येतो आणि त्यानंतर रोज सुमारे तीन मिनिटांनी आखडत जातो. वर धारेवर ऊन असतं तेव्हा खालच्या खोऱ्यात, जिथून शेवटचा तास चालायचा असतो, अंधारायला लागलेलं असतं.

पहिला चढ विजेरीच्या उजेडात आणि गारव्यात पार पडला तर पाणीही कमी लागतं. उंच, उघडा भाग दुपारच्या आत संपवायचा. विजेरी डोक्याला बांधायची असावी, प्रत्येकाची स्वतंत्र असावी आणि कितीही लहान बेत असला तरी सॅकमध्ये असावी.

धारेवर पाणी मिळतं का?

नाही, असंच धरून चला. धार म्हणजे जलविभाजक. पडलेलं पाणी दोन्ही अंगांनी खाली वाहून जातं, माथ्यावर थांबत नाही. जुलैमध्ये वितळणाऱ्या बर्फाच्या कडेला बाटली भरून घेता येते, ती सोय आता नसते. नकाशावर निळ्या रेषेने दाखवलेला ओढा धारेच्या अगदी जवळून सुरू होत असला, तरी उन्हाळ्याच्या शेवटी पाणी त्या टोकापासून बरंच खाली सरकलेलं असतं. पाण्यासाठी खिंडीतून दोनशे मीटर उतरून पुन्हा चढण्यात तास जातो आणि चढताना त्यातलं थोडं पाणी संपतंही.

साधारण हवेत तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात पाऊण ते एक लिटर लागतं. नऊ तासांच्या चालीला तीन-चार लिटर घेऊन निघावं लागेल, आणि ते तीन-चार किलोचं ओझं असेल. ते जड वाटतं म्हणून कमी करू नका. वजन दुसरीकडे कमी करा. निघण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी पिऊन घ्या. शेवटच्या खात्रीच्या पाण्यावर सगळ्या बाटल्या भरा आणि तिथेही पोटभर प्या. जिथे वर जनावरं चरतात तिथलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून आणि निर्जंतुक करूनच प्यावं.

निम्मं पाणी निम्म्या वाटेच्या आधी संपलं तर पुढच्या उतरायच्या वाटेने खाली जायचं, हा नियम निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवावा.

उलट टोकाची चूकही होते. दिवसभर घाम गाळत नुसतं साधं पाणी भरपूर पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसतात आणि माणसं त्याला पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी पाजतात. त्यामुळे तहान लागेल तसं प्यावं आणि सोबत खारट काहीतरी खात राहावं. काही बाटल्यांत क्षारसंजीवनी मिसळावी.

खायला काय न्यावं?

जे तुम्हाला दमलेलं असतानाही गिळवतं ते. उंचावर आणि उन्हात भूक मरते, म्हणून एका मोठ्या जेवणापेक्षा दर तासाला चार घास बरे. गोड आणि खारं दोन्ही असावं. एका वेळचं खाणं जादा ठेवावं आणि खाली पोहोचेपर्यंत त्याला हात लावू नये.

विजा-वादळाचं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा असं मला वाटतं, कारण धारेवर उभा असलेला माणूस आसपासच्या मैलभरातली सर्वात उंच वस्तू असतो.

दुपारची वादळं अचानक येत नाहीत. सकाळपासून तयार होत असतात. दहा-अकराच्या सुमारास पांढरे पुंजके ढग दिसू लागले तर काळजी नाही. तेच ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर वर फुगत चालले, रुंदीपेक्षा उंच झाले, तळ काळसर झाला, तर उतरायची वेळ झाली. वरचं टोक पसरून सपाट होईपर्यंत थांबायचं नसतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा; वादळ तेवढे किलोमीटर दूर. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर, आणि एवढ्या अंतरावरची वीजसुद्धा तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं धारेवर परत जायचं नाही. ऊन पडलं तरी नाही.

धारेवर सापडलातच तर माथा सोडा आणि सुरक्षितपणे जमेल तितकं खाली उतरा. शिखर, सुळका, एकटं झाड, साखळ्या किंवा लोखंडी शिड्या यांपासून दूर जा. उथळ गुहेच्या तोंडाशी किंवा पुढे आलेल्या कातळाखाली आसरा घेऊ नका. विजेचा प्रवाह कातळावरून येताना तिथे माणसाच्या अंगातून उडी घेतो. एकमेकांपासून दूर दूर थांबा, म्हणजे वीज पडलीच तर सगळे एकदम सापडणार नाहीत आणि मदतीला कुणी उरेल. पुढे जायला वावच नसेल तर सॅकवर पाय जुळवून उकिडवं बसावं, पण त्याने धोका टळत नाही, फक्त थोडा कमी होतो. केस उभे राहिले, काठीतून किंवा कातळातून भुणभुण ऐकू आली, तर त्या क्षणी तिथून हला.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबून कृत्रिम श्वासोच्छ्वास ताबडतोब सुरू करावा. विजेच्या धक्क्यानंतर माणसं अशा उपचाराने वाचतात.

उन्हाळाच तर आहे, गरम कपडे कशाला?

उंचीबरोबर तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खोऱ्यात २२ अंश असतील तर दीड हजार मीटर वर साधारण १२. त्यात वारा. दोन्ही बाजूंनी वर ढकलली गेलेली हवा माथ्यावर दाटून वेगाने वाहते, त्यामुळे खाली झाडाचं पान हलत नसतानाही धारेवर टोपी उडू शकते. ५ अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते शून्याच्या किंचित खाली लागतं. घामाने भिजलेला सुती सदरा अंगावर असेल तर ऐन उन्हाळ्यातही शरीर धोकादायकरीत्या थंड पडतं.

म्हणून आत लवकर वाळणारा कपडा, वर एक उबदार थर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. पातळ हातमोजे आणि कानटोपी. सगळं मिळून किलोभर वजनही होत नाही. वाऱ्याचे झोत ताशी ६०-७० किलोमीटरच्या वर जाणार असा अंदाज असेल तर अरुंद धार त्या दिवशी चालू नये. त्या वाऱ्यात तोल सांभाळण्यातच सगळी ताकद जाते.

उन्हाचंही तसंच. दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि गार वाऱ्यात अंग भाजतंय हे कळतच नाही. कान, मानेची मागची बाजू आणि ओठ विसरू नका.

बूट कोणते?

आधी वापरलेले. उतारावर पाऊल पुढे सरकतं, म्हणून बोटांसमोर अंगठ्याएवढी जागा हवी. घोट्यापर्यंतचे की आखूड, हा वाद मी सोडून देते. तळव्याची पकड त्यापेक्षा महत्त्वाची आहे. पायात कुठे गरम लागल्यासारखं झालं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या खिंडीत बघू’ म्हटलं की तोवर फोड आलेला असतो.

मला दृष्टिभय आहे. धार जमेल का?

दोन्ही बाजूंना दरी दिसली की पोटात गोळा येणं ही शरीराची शहाणी प्रतिक्रिया आहे. तिची लाज वाटून घेऊ नका आणि सोबत्यांपासून लपवूही नका. अनेक धारा रुंद आणि गवताळ असतात, तिथे काहीच अडचण येत नाही. अडचण येते ती चार-पाच फूट रुंदीच्या, मुरमाड किंवा तुटक कातळाच्या टप्प्यांवर. असे टप्पे तुमच्या वाटेवर आहेत का, किती लांब आहेत, त्यांना बगल देणारी खालून जाणारी वाट आहे का, हे आधीच शोधा.

सवय हळूहळू होते. लहान, रुंद धारेपासून सुरुवात करा आणि दर वेळी थोडी अरुंद निवडा. तिथे पोहोचल्यावर नजर दोन-तीन पावलं पुढच्या जमिनीवर ठेवा. दरी बघायची असेल तर थांबून, पाय नीट रोवून बघा. चालता चालता बघू नका. हात लावायला लागतील तिथे काठ्या सॅकला बांधून टाका. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकीचे तीन कातळावर पक्के. प्रत्येक पकड वजन देण्याआधी हलवून बघा. आणि जे उतरता येणार नाही असं वाटतं, ते चढू नका. चढणं नेहमीच सोपं असतं, कारण धरायची जागा डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली लपते.

पाय थरथरायला लागले, बोलणं बंद झालं, माणूस एका जागी चिकटून बसला, तर त्याला ‘काही होत नाही, ये’ म्हणू नका. शेजारी जा, शांतपणे बोला, काहीतरी प्यायला द्या, आणि मागे वळायचं की पुढे जायचं ते त्याच्या सोयीने ठरवा. गटाचा बेत अशा वेळी दुय्यम असतो.

धुकं आलं तर वाट चुकायची भीती किती?

चढताना कमी, उतरताना फार. चढताना सगळ्या सोंडा शिखराकडे एकत्र येतात. थोडं चुकलात तरी वर पोहोचता. उतरताना त्याच सोंडा फाटे फुटत दूर जातात. शिखरावरून दहा-पंधरा अंश चुकीच्या दिशेने निघालात तर पहिली काही मिनिटं सगळं बरोबरच वाटतं, आणि तासाभराने तुम्ही भलत्याच खोऱ्यात असता. म्हणून प्रत्येक शिखरावर आणि प्रत्येक फाट्यावर, धुकं नसलं तरीही, होकायंत्राने पुढची दिशा तपासायची सवय लावा.

मोबाइलमधला नकाशा उपयोगी आहे. तो आधी उतरवून घ्या, फोन विमान-स्थितीत ठेवा आणि थंडीत आतल्या खिशात ठेवा. तरी कागदाचा नकाशा आणि होकायंत्र हवंच. धुक्यात दगडांच्या लहान लहान राशींवर डोळे झाकून विसंबू नका. कुणीतरी हौसेने रचलेली रासही वाटेची खूण वाटते.

धुकं खाली दरीत असेल आणि सूर्य पाठीमागे कललेला असेल तर मात्र जरा थांबा. समोरच्या धुक्यावर तुमची भलीमोठी सावली पडते आणि डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं. जर्मनीतल्या हार्ट्झ पर्वतातल्या ११४१ मीटर उंचीच्या ब्रोकेन शिखरावरून या दृश्याला नाव मिळालं. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश उलट दिशेने विखुरतो, म्हणून प्रत्येकाला कडं फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला विचारून बघा, तिला तिचंच दिसत असेल.

उन्हाळ्यात बर्फ आणि दरडींचा धोका उरतो का?

सावलीच्या बाजूच्या घळींमध्ये, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारांवर, जुना बर्फ उरतो. तो सकाळी काचेसारखा कडक असतो. दहा मीटरचा पट्टासुद्धा साध्या बुटांनी ओलांडू नका, वळसा घ्या.

दरडींचा धोका मात्र उन्हाळा सरताना वाढलेला असतो. अतिउंच धारांचे दगड वर्षानुवर्षं गोठलेल्या पाण्याने जखडलेले असतात, आणि दीर्घ उष्णतेत ती पकड सैल होते. २००३ च्या कडक उन्हाळ्यात आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या ह्योर्नली धारेवर दरड कोसळली, तेव्हा वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं होतं. घसाऱ्यावर एकाच्या डोक्यावर दुसरा अशा रेषेत चालू नका. दगड सुटला तर मोठ्याने ओरडा, खाली कुणी दिसत नसलं तरी.

उंचीचा त्रास होईल का?

२५०० मीटरच्या वर होऊ शकतो. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर आली तर आणखी वर जाऊ नका. कमी झालं नाही तर खाली उतरा. तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो.

एकट्याने जावं का?

ओळखीच्या धारेवर, चांगल्या हवेत, अनुभवी माणसाने जायला हरकत नाही. नवख्यांसाठी चारजणांचा गट उत्तम: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला जातात. एकटे असा वा गटात, घरच्या कुणाकडे लेखी माहिती ठेवा: कुठून निघणार, कुठे उतरणार, मधल्या उतरायच्या वाटा कोणत्या, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. खाली पोहोचल्यावर फोन करायला विसरू नका. कुणीतरी रात्रभर जागं राहतं.

अपघात झाला तर मदत कशी मागायची?

आधी स्वतःला आणि जखमीला आणखी धोका नाही ना ते बघा, मग त्याला वाऱ्यापासून आडोसा द्या आणि जमिनीपासून वेगळं करा. अंगाखाली सॅक, दोर, जे असेल ते. थंड जमीन वाऱ्याइतकीच ऊब खेचून घेते. स्थानिक आपत्कालीन क्रमांक निघण्यापूर्वीच माहीत हवा. युरोपात आणि भारतातही तो ११२ आहे. बोलणं होत नसेल तर संदेश पाठवून बघा, कमजोर नेटवर्कवर तो कधी कधी जातो.

शिटीचा किंवा उजेडाचा आल्प्समधला संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा वेळा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. उत्तर अमेरिकेत तीनचा संच हाच मदतीचा इशारा मानतात. उत्तर आलं तरी संकेत थांबवू नका. शोधणाऱ्यांना आवाजाच्या दिशेने यायचं असतं.

प्राण्यांची भीती?

कळपांचे राखणदार कुत्रे हा सर्वात व्यवहारातला प्रश्न. कार्पेथियन, पिरेनीज, कॉकेशस अशा भागांत ते कळपाचा भाग म्हणूनच वाढतात आणि कळपाच्या मधून जाणाऱ्याला अडवतात. मोठा वळसा घ्या, पळू नका, काठी उगारू नका, मेंढपाळ दिसला तर हाक मारा. अस्वलांच्या प्रदेशात पिकलेल्या बेरीसारख्या फळांच्या झुडपांतून जाताना बोलत चला. हिवाळ्याच्या तयारीत ती दिवसभर तिथेच खात असतात. काही देशांत शिकारीचा हंगामही याच सुमारास उघडतो, तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला.

धारेवर शौचाचं काय?

शक्यतो चढण्यापूर्वी उरका. माथ्यावर मातीचा थर पातळ असतो, खड्डा खणता येत नाही आणि तिथली घाण कुजायला फार काळ लागतो. वाटेत लागलंच तर खाली माती असेल तिथे, पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५-२० सेंटिमीटर खड्डा करा. कागद पिशवीत घालून परत आणा. आणि वाट सोडून हिरवळीवर चालू नका. धारेवरची उशीसारखी दिसणारी बुटकी रोपं काही मिलिमीटर वाढायला वर्ष घेतात.

एवढ्या काळज्या. थांबून बघण्यासारखं काय असतं?

पक्षी. उन्हाळा संपताना शिकारी पक्षी स्थलांतराला निघतात आणि डोंगरधारेला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता मैलोन्‌मैल तरंगत जातात. तुम्ही धारेवर असता तेव्हा ते कधी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरून, कधी तुमच्या खालून जातात. पंखांची वरची बाजू दिसणं हे भाग्य सपाटीवर मिळत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अशाच एका धारेवर पूर्वी लोक या पक्ष्यांना बंदुकीने टिपायला जमत. रोझली एज यांनी १९३४ मध्ये ती जागा राखून तिथे हॉक माउंटन अभयारण्य उभं केलं, आणि आता लोक तिथे ते पक्षी मोजायला जमतात. दुर्बीण वजनाला भारी पडते, तरी या दिवसांत मी ती घरी ठेवत नाही.

परत फिरायची वेळ आधी ठरवावी का?

हो, आणि ती घड्याळातली असावी. ‘दमलो तर उतरू’ याला अर्थ नाही, कारण दमलेलं डोकं उतरायचं ठरवत नाही, ते ‘आता थोडंच राहिलं’ म्हणतं. प्रत्येक उतरायच्या वाटेपाशी वेळ लिहा: इथे अकराच्या आत पोहोचलो तर पुढे, नाहीतर इथूनच खाली. अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला असाल तर चर्चा न करता उतरा. अर्धी चाललेली धारही पूर्ण दिवसाचं सुख देते.

उतरताना गुडघे फार दुखतात. काय करू?

उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि दर पावलाला शरीराचं वजन झेलतात. म्हणून चढापेक्षा उतारच जास्त दुखवतो. घसरून पडण्याचे अपघातही चढताना कमी आणि उतरताना जास्त होतात, त्यातही दिवसाच्या शेवटी. लहान पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाच आपटू नका. दोन काठ्या थोड्या लांब करून पुढे टेकवल्या की बराच भार हातांवर जातो. उतार सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटं बसा, खा, बुटाच्या नाड्या घोट्याजवळ आवळा.

महिनाभर आधीपासून जिने उतरायचा सराव करा. चढायचा सगळेच करतात. तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणारच, एक ते तीन दिवसांच्या दरम्यान ते सर्वात जास्त जाणवतं आणि आपोआप कमी होतं. त्या दिवसांत पडून राहण्यापेक्षा सपाटीवर सावकाश फिरा. दुखणं एकाच गुडघ्यात, एकाच जागी असेल किंवा सूज आली असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत पुढची धार लांबवा.